सुभेदारांची म्हैस आणि माझा घाम

कुंडलच्या एका गोठ्यात मी हात वर करून उभा होतो आणि निवृत्त सुभेदार मला त्यांच्या बायकोची साडी नेसवत होते. मी पशुवैद्यकीय अधिकारी आहे.

सुभेदारांच्या म्हशीला कासदाह झाला होता. यात जंतू शिरून कास सुजते. खराब दूध पूर्ण काढून सडात, म्हणजे आचळात, औषधाची ट्यूब सोडावी लागते. उशीर झाला तर सड कायमचा निकामी होतो. इथे उशीर झालाच होता आणि म्हैस मला जवळ येऊ देत नव्हती. माझी बॅग तिने लाथेने उकिरड्यात पोचवली होती.

"पाय बांधू या," मी म्हणालो.

"बांधलं की लय बिथरती. कास फाडून घेईल."

ती फक्त सुभेदारांच्या बायकोला, काकूंनाच, धार काढू देते. काकू लेकीच्या बाळंतपणाला खंडाळ्याला गेलेल्या. म्हणून सुभेदार रोज त्यांची साडी नेसून धारेला बसत. आमच्याकडे याचं कुणाला नवल नाही. पण ट्यूब मलाच घालायची होती.

आता कबूल करतो. मला म्हशींची भीती वाटते. घोड्यांना माणसाच्या घामातून भीतीचा वास येतो, असं संशोधन नुकतंच वाचलं होतं. तेव्हापासून झोप उडाली होती. आजवर उधळलेलं प्रत्येक जनावर मीच बिथरवलं असेल, असं वाटायचं. मी सुभेदारांना सगळं सांगून टाकलं.

"मग वास बदलू की," ते म्हणाले. "शर्ट काढा."

"साडी धुतलेली आहे का?"

"छ्या. बाई सांगून गेलीया, आंघोळ करा, पर साडी धुऊ नगा."

डोक्यावर पदर घेऊन मी खाली बसलो. म्हशीने मान वळवून साडी हुंगली आणि ती रवंथ करू लागली. दूध निघालं, ट्यूब आत गेली. शाबासकी द्यायला सुभेदार पुढे आले, बनियन-पायजम्यात. तिने त्यांना शेणात बसवलं.

"आता मी परका व्हय गं?" ते तिथूनच म्हणाले.

औषध संपेपर्यंत मी रोज जाऊन साडी नेसत होतो. शेवटच्या दिवशी काकू परतल्या. त्यांनी मला नीट न्याहाळलं. "डॉक्टर, आमच्या ह्यांच्यापरीस तुमच्या निऱ्या बऱ्या बसल्यात."

सड वाचला. घोड्याचं म्हशीला लागू पडतं का, तिला वासाने फसवलं की रंगाने, हे मला सांगता येणार नाही. भीती गेलेली नाही. आता गोठ्यात शिरण्याआधी मालकाला ती सांगतो, आणि घरच्या बाईची न धुतलेली साडी मागून घेतो.