अण्णांची मोटरची होडी

आमच्या थोरल्या साडूंइतका चिवट माणूस अख्ख्या शहापुरात सापडायचा नाही. चाळीस वर्षं साड्यांचे माग चालवलेले हे अण्णा मिठाईच्या खोक्याचा दोरासुद्धा कापत नाहीत. गाठ सोडवतात, दोरा गुंडाळतात आणि खिशात ठेवतात. आहेराची पुडकी उघडायला त्यांना बसवलं, तर लग्नाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत काम पुरेल.

माग विकल्यावर त्यांना मासेमारीचा नाद लागला. त्यासाठी त्यांनी एकट्यापुरती प्लॅस्टिकची निमुळती होडी, म्हणजे कयाक, आणली. आक्का, म्हणजे त्यांची बायको आणि माझी मेव्हणी, तिला ‘तरंगती न्हाणी’ म्हणते. पुढे अण्णांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी वल्हवणं बंद केलं आणि आक्कानं होडी विकायला काढली. अण्णांनी गुपचूप विजेची छोटी मोटर मागवली. बॅटरी आधी मागच्या बाजूला ठेवली, तर होडीचं नाक आभाळाकडे! मग ती पुढे सरकवली आणि हलू नये म्हणून डाग पडलेल्या साडीनं करकचून बांधली. हे कळल्यावर आक्कानं एकच अट घातली, “मोटार मधीच बंद पडली तर होडी त्याच दिवशी इकायची.”

सदलग्याला दूधगंगेत चाचणी झाली. अण्णा ऐटीत मधोमध गेले आणि होडी थांबली. ते मागे वळून मोटरवर ओणवे झाले, ते उठेचनात. होडी हळूहळू बंधाऱ्याकडे वाहू लागली. फोटो काढायला दिलेला त्यांचा फोन माझ्याच खिशात. “अवो, हात तरी वर करा!” आक्का ओरडत होती. तिनं माझं मनगट इतकं आवळलं की बांगड्या रुतल्या. मी तर चपला काढून पाण्यात उतरलो होतो.

तेवढ्यात होडी वळली आणि शहाण्यासारखी काठाला आली. माझा जीव भांड्यात पडला.

“काय झालतं?” मी खेकसलो.

“गळाची दोरी मोटारीच्या पंख्यात गुतून तुटलती. जोडत हुतो.”

“कापून टाकायची की! सुरी दिलती न्हवं?”

“तुटल्याला धागा जोडल्याबिगर मोटार चालू करायची व्हय, पावणं?”

आक्का रडत रडत त्यांना लई बोलली. मग तिनं ती दोरी हातात घेतली, बोटांतून दोनदा सरकवली आणि म्हणाली, “गाठ लागंना हाताला. अजून जमतंय की तुमास्नी.”

मासा एकही नव्हता, आणि होडी विकायचं कोणी बोललं नाही. परतताना आक्का गाडीत ती दोरी मांडीवर घेऊन गाठ शोधत बसली होती. माग गेल्यापासून तिच्या मांडीवर सूत मी पाहिलं नव्हतं.