शोकेसमधले डबे

माझ्या मुलीनं आयुष्यात डब्याचं दूध एकदाही चाखलं नाही, आणि याचं निम्मं श्रेय मी घेतो.

त्या वर्षी राहनाळचं आमचं गोदाम बाळदुधाच्या एका एजंटाला भाड्यानं दिलं होतं. मुलगी झाली म्हणून त्यानं खोकंभर डबे भेट दिले. आमच्याकडे गोदामात माल कोणाचाही असो, रुबाब मालकाचाच. (आधीचा भाडेकरू टाइल्सवाला होता, तेव्हा मी टाइल्सवर बोलायचो.) मनीषा, माझी बायको, सव्वा महिन्यानं कशेळीच्या माहेरून परतायच्या दिवशी मी ते डबे बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये झकास रचले.

"हे कशाला?"

"यात सगळं आहे. लोह, जीवनसत्त्वं, अगदी मोजून मापून."

"माझ्या दुधातही आहे. वर आजाराशी लढायची ताकद आहे, ती डब्यात भरता येत नाही. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय."

"पण डबा सोयीचा. थांब, दाखवतो."

मी बाटली उकळली, पाणी उकळलं. ते निवेना म्हणून पंख्याखाली ठेवलं, तर लोडशेडिंग सुरू! पुठ्ठ्यानं वारा घालून, पावडर मोजून, बाटली हलवत बाहेर आलो, तोवर पोरगी आईचं पिऊन, ढेकर देऊन झोपलीसुद्धा होती.

"आमच्याकडे लाइट गेली तरी चालतं," मनीषा म्हणाली.

टाकवेना, म्हणून ते दूध मीच प्यायलो. चव बरी होती. मग रोज सकाळी एक कप घेऊ लागलो.

इकडे बाळ बघायला बायका येऊ लागल्या. त्यांना बाळाआधी शोकेस दिसायचं.

"काय गो बाय, दूध येत न्हाय का?"

मनीषा "भरपूर येतं" म्हणायची, पण एवढे डबे समोर असताना कोण ऐकणार? कोणी मेथीचे लाडू आणले, कोणी शतावरी. बातमी कशेळीला पोचली आणि एका सकाळी सासूबाई अळिवाच्या खिरीचं पातेलं घेऊन रिक्षातून डोळे पुसत उतरल्या.

मनीषाचाही बांध फुटला. "सव्वा महिना अंगावर पाजलं मी, आणि गावभर कीव माझीच. आता तुम्हीच निस्तरा."

मला मनापासून वाईट वाटलं. सकाळचा दुधाचा कप हातात तसाच घेऊन मी बायकांनी भरलेल्या बाहेरच्या खोलीत उभा राहिलो.

"हिला दूध भरपूर हाय. पोरगी आईच्याच दुधावर हाय."

"मंग डबं कोनासाठी?" माझ्या काकीनं विचारलं.

गोदाम, एजंट, भेट, सगळं सांगता आलं असतं. पण डबा फोडलेला होता आणि माझ्या मिशीला दूध लागलेलं होतं.

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

आल्यापासून पहिल्यांदाच मनीषा खळखळून हसली. सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि पातेलं माझ्यापुढे सरकवलं.

पोरगी आता शाळेत जाते, धडधाकट आहे. मी मात्र राहनाळमध्ये कोणाच्याही घरी गेलो तरी मला चहा विचारत नाहीत. पेलाभर दूध आणतात आणि संपेपर्यंत समोर उभे राहतात.