शहाणा काटा

सोमवार, १२ जून २०२३, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. अमळनेर स्थानकाच्या फलाटावर आप्पांनी माझी बॅग डब्यात ठेवली, खाली उतरले आणि खिडकीच्या गजाला धरून म्हणाले, “माझं काय बेटा, मी एकटा माणूस. तू तुझं बघ.” हे वाक्य मी शब्दशः घेतले. आई जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. आप्पा एस.टी.च्या आगारातून निवृत्त झालेले मेकॅनिक, हिंडतेफिरते, धडधाकट. त्यांचे व्यवस्थित चालेल, असा निष्कर्ष काढून मी बडोद्यास आले.

वाघोडियाच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत मी रुजू झाले. राहायला मांजलपूरमध्ये खोली मिळाली. इथली माणसे सरळ नकार देत नाहीत, हे मी महिनाभरात टिपले. घरमालकीण “तमारुंज घर छे”, तुमचंच घर आहे, म्हणाल्या, की भिंतीत खिळा ठोकायचा नाही. कार्यालयात “जोईशुं”, म्हणजे ‘बघू’, ऐकले, की त्या अर्जाचा नाद सोडायचा. बोललेले आणि अभिप्रेत असलेले यांतील अंतर मोजण्यात मी तरबेज झाले, याचा मला थोडा अभिमानही होता. मात्र संध्याकाळी खोलीत मराठीत बोलायला कोणी नसे. बसमधून उतरून कुलूप उघडेपर्यंत मनात जुळवलेली वाक्ये तशीच राहत.

पहिल्या दिवाळीला घरी गेले तेव्हा आप्पांसाठी डिजिटल वजनकाटा घेऊन गेले. दर रविवारी वजन कळवायचे, असे ठरले. पहिले वजन माझ्यासमोरच झाले : ६१.४. “छान!” मी म्हणाले आणि वहीत नोंदवले. पुढे दर रविवारी सकाळी मोबाइलवर संदेश येई : “वजन ६१.४. सर्व ठीक. तू जेवलीस का?” मी लिही, “हो. छान.” मुद्दाम येण्याची गरज नाही, असेही ते अधूनमधून लिहीत. बढतीसाठी माझे नाव विचारात होते; मला ते सोयीचेच वाटे. दुसऱ्या दिवाळीला मी गेले नाही.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत आमच्या वरिष्ठ दक्षाबेन यांनी मी सही केलेला एक कागद परत आणला. प्रयोगशाळेतील तराजूची रोज सकाळी प्रमाणित वजनाने पडताळणी होते. आमच्या नव्या सहकाऱ्याने सहाही दिवस शेवटच्या दशांशापर्यंत एकच आकडा लिहिला होता. दक्षाबेन बडोद्यातच वाढलेल्या. माझ्याशी निम्मे मराठीत बोलतात.

“बेन, आ काटो तो बहु डाह्यो! इतका शहाणा काटा मी वीस वर्षांत पाहिला नाही. सहा दिवस जरासुद्धा हलला नाही? लिहिणाऱ्याला विचार, काट्याजवळ गेला होता का?”

मी हसले. मग हसू थांबले. जेवणाच्या सुटीत मोबाइल उघडून आप्पांचे संदेश मागे सरकवत गेले. ६१.४, ६१.४, ६१.४. उन्हाळ्यात तेच, पावसाळ्यात तेच. जिवंत माणसाचे वजन असे स्थिर राहत नाही, हे सांगायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

मी शेजारच्या मंगलाकाकूंना फोन लावला. “काटा? तो कपाटावर पडलाय गं,” त्या म्हणाल्या. “सेल संपलेत केव्हाचे. आप्पांच्या पँटी बघ, पट्ट्याला दोन भोकं वाढवलीत. मी म्हटलं, पोरीला कळवा. तर म्हणतात, तिची बढती होऊ द्या आधी.”

दुसऱ्याच दिवशी रजा घेऊन अमळनेर गाठले. काट्यात नवे सेल घातले. आप्पा चपला काढून त्यावर उभे राहिले. ५४.२.

“आप्पा, ते ६१.४ कुठून आणत होतात?”

“तो आकडा तुला आवडला होता ना,” ते म्हणाले.

संध्याकाळी एकट्यासाठी स्वयंपाक करणे त्यांनी कधीच सोडले होते. चहात बुडवलेली दोन बिस्किटे, एवढेच. रक्ततपासणीत साखर बेसुमार वाढलेली निघाली. गोळ्या सुरू झाल्या. मी बडोद्यास चला म्हटले. “बघू,” म्हणाले. याचा अर्थ मला कळला.

बढती मिळाली. खोली तीच आहे. गाव सोडून निघालेल्या माझ्यासारख्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की परक्यांची भाषा आपण फार बारकाईने वाचतो, कारण तिथे चुकण्याची भीती असते. घरच्यांची मात्र सोयीने वाचतो. “तू जेवलीस का?” या प्रश्नाला मी पन्नासहून अधिक वेळा उत्तर दिले आणि तोच प्रश्न एकदाही उलट विचारला नाही.

आता रविवारी आप्पा काट्यावर उभे राहून फोन करतात. आकडा कधी चढतो, कधी उतरतो. उतरला तर त्यांचा आवाज खाली येतो, पण आकडा सांगतात. मग काय जेवलात, कुणी केले, किती उरले, असे आम्ही बराच वेळ बोलतो. फोन ठेवल्यावर दोन्हीकडे एकेकच माणूस उरते. माझ्यापुरते घर म्हणजे आता हेच : मला वाईट वाटेल हे माहीत असूनही खरे सांगणारा माणूस, सहा-सात तासांच्या अंतरावर.

काल सकाळी सात वाजून वीस मिनिटांची नोंद : ५३.८.