लोमटे मॅडमची घोणस

लोमटे मॅडम आधी इंजिन फोडायच्या. समोरचं यान जागच्या जागी लटकलं, आतला माणूस गयावया करायला लागला, की तोफा थांबवून शांतपणे ऐकत राहायच्या. त्याचं बोलून संपलं की "झालं?" एवढंच विचारायच्या आणि उरलेलं यान उडवायच्या. "बोलू द्यावं माणसाला," त्या आम्हाला सांगायच्या. "मनात राहू नये काही."

हे सगळं एका ऑनलाइन खेळातलं. अवकाशातलं युद्ध, परग्रहांवरच्या जमाती आणि एक जबर नियम: यान फुटलं की गेलंच. महिनोन्‌महिने खपून बांधलेलं असलं तरी परत मिळत नाही. मी नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून. संध्याकाळी घरी आलो की कानाला हेडफोन लावून त्या विश्वात जायचो. आमची टोळी सगळी मराठवाड्यातली. मॅडम लातूरच्या, पन्नाशीतल्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या. त्यांचं यान एका शिकारी जमातीचं. काळपट, चपटं, पोटाखाली तोफांची रांग, पंखांवर क्षेपणास्त्रं, नाकाशी किरणांची नळी. बसायला जेमतेम जागा, बाकी सगळी हत्यारंच. त्याचं नाव त्यांनी घोणस ठेवलं होतं.

ऐन लढाईत कधी कधी त्यांच्या माइकमधून दुसराच आवाज यायचा. "सुमे! मेलीस का तिकडं?"

"आले, आई," मॅडम म्हणायच्या. समोरचा बिचारा तसाच लटकलेला. थोड्या वेळानं परत येऊन त्या विचारायच्या, "हं, कुठं होतो आपण?"

मावसभावाच्या लग्नाला लातूरला गेलो तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. माइकमधला तो आवाज त्यांच्या सासूबाईंचा. त्या खाटेवर होत्या. अर्धं अंग लुळं, जीभ मात्र शाबूत. मॅडमनी चहाचा कप त्यांच्या तोंडाशी नेला, तर चांगल्या हातानं म्हातारीनं तो मॅडमच्याच अंगावर उडवला.

"माझं लेकरू हिच्यापायी घर सोडून गेलं," ती मला म्हणाली. "पोटी एक कारटं न्हाई, आन् लोकाची लेकरं शिकवायलीय."

मॅडमनी साडीवरचा चहा पुसला. "साखर कमी पडली वाटतं, आई," म्हणाल्या आणि दुसरा कप करायला आत गेल्या. त्या संध्याकाळी घोणसनं समोरच्या टोळीतलं एकही यान शिल्लक ठेवलं नाही.

पुढं सासूबाई गेल्या. तेरावं उरकून मॅडम खेळात परतल्या, तेव्हा वाटलं, आता जरा निवळतील. टोळीत बालाजी होता, देवणीचा, जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला. त्याला यान चालवायला मॅडमनीच शिकवलं. वर्षभर खपून त्यानं स्वतःचं यान बांधलं होतं. ते घेऊन तो त्यांना भेटायला आला.

"मॅडम, लई वाईट वाटलं," तो म्हणाला. "पण एका परीनं बरंच झालं की. सुटलात तुमी."

"जवळ ये," मॅडम म्हणाल्या. "बघू कसं बांधलंस."

तो जवळ आला. घोणसनं त्याचं इंजिन फोडलं.

"मॅडम, म्या बालाजी हाय! चुकून लागलं वो!"

"चुकून नाही."

"काय चुकलं माजं? सांगा की! वरीस गेलं वो ह्याच्यात!" मोठा बाप्या माणूस, हमसून रडायला लागला. आम्ही सगळे ओरडत होतो. मॅडमनी त्याचं रडणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग यान उडवलं.

मी लगेच फोन केला. "असं का केलंत?"

"सुटलात म्हणाला," त्या म्हणाल्या. "सुटून जाऊ कुठं, सुधाकर? रोज वाटायचं, ही मेली की मी जगेन. मेली. आता घरात साधा भांडं पडल्याचा आवाज नाही." मग विचारलं, "फार रडला का रे तो?"

"हो."

"रडू दे. मला तर रडूही आलं नाही."

टोळीनं त्यांना काढून टाकलं. त्यांनी वाद घातला नाही, सरळ शत्रूच्या टोळीत गेल्या आणि आमचं एकेक यान टिपायला लागल्या. बालाजीनं खेळच सोडला. शेवटी मी उरलो. मागच्या आठवड्यात घोणसनं मला गाठलं. इंजिन गेलं, यान लटकलं. मी गयावया केली नाही.

"सुधाकर," कानात आवाज आला, "तुझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं का रे?" त्या आवाजात खरी काळजी होती.

"झालं, मॅडम," मी म्हणालो. "काठी धरून चालायली आता, परवा तर—"

माझा पडदा पांढरा झाला.