तेरा क्रेडिट आणि एक जादा वर्ष

माझ्या नवऱ्याला, सुधीरला, हे ठाऊक नाही. सांगलीत माझी बहीण आहे, जिला मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते, तिलाही नाही. आणि ईशानीला, माझ्या मुलीला - तिला तर नाहीच नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेले काही महिने ते घशाशी येऊन थांबतंय म्हणून.

आधी मी कोण ते सांगते. लग्नाआधी मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत होते. चांगली शिकवत होते - हे मी स्वतःच सांगतेय, कारण सांगायला दुसरं कुणी उरलेलं नाही. मग दुबई. नवऱ्याच्या व्हिसावर आले, आणि माझ्या व्हिसावर शिक्का बसला : गृहिणी, नोकरीची परवानगी नाही. कित्येक वर्षं दर नूतनीकरणाला तोच शिक्का. मी तो वाचायचे नाही, पासपोर्ट मिटून ठेवायचे.

ईशानी दहावीत असताना सुधीरची बदली रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात झाली. तिची शाळा दुबईत, अमेरिकन अभ्यासक्रमाची. रोज पहाटे बस, परत येताना दोन तास. मुलगी वाळत चालली. डॉक्टर म्हणाले, शाळा बदला. आम्ही शाळाच सोडली - घरी शिकवायचं ठरवलं. सुधीरचा विरोध होता. "अगं, ही काय बालवाडी आहे का?" मी म्हटलं, मी शिकवीन. सगळं शिकवीन.

या पद्धतीत घर हीच शाळा आणि आई हीच प्राचार्य, असं कागदोपत्री धरतात. परदेशातली एक संस्था वरून देखरेख करते आणि शेवटी प्रमाणपत्र देते. एक विषय वर्षभर शिकून पास झालं की एक क्रेडिट. चोवीस झाले की बारावी झाली. ईशानीचे दोन वर्षांचे तेरा क्रेडिट झाले होते. ते नव्या संस्थेने मान्य केले तर उरले अकरा, म्हणजे दोन वर्षं. नाही केले तर जास्त.

त्या तेरा क्रेडिटसाठी मी काय धावपळ केली! जुन्या शाळेतून गुणपत्रक काढलं, सही-शिक्क्यांसाठी तीन खेपा घातल्या, प्रत्येक विषयाचं पुस्तक कोणतं, तास किती, सगळं लिहून काढलं. तिथली क्लार्क हसून म्हणाली, "मॅडम, खलास, इतना तो कोई नहीं करता." मी केलं. मला त्याचा अभिमान आहे. आजही ती फाइल बघाल तर म्हणाल, बाई कामाची आहे.

उत्तर सकाळी दहाच्या सुमारास आलं. कढईत पोहे होते, ईशानी बाल्कनीत केस वाळवत बसली होती. ईमेल माझ्या नावाने आली होती. सुरुवात होती - प्रिय प्राचार्य.

गॅस बंद करून मी ते दोन शब्द पुन्हा वाचले. मग पुढचं. तेराच्या तेरा क्रेडिट मान्य. ईशानी दोन वर्षांत, तिच्या जुन्या वर्गाबरोबरच, बारावी होणार होती.

आणि मी बाल्कनीच्या दाराशी जाऊन म्हटलं - चार नाकारलेत गं.

असं कसं म्हटलं? मला खरंच वाटलं होतं का, की जीवशास्त्र तिला नीट शिकवलं गेलं नाही? तिला त्यात ए ग्रेड होती. नाही, ते कारण मी नंतर शोधलं, सुधीरला सांगायला. त्या क्षणी एवढंच डोक्यात होतं - दोन वर्षं फार कमी आहेत. मग ती जाईल, आणि मी पुन्हा त्या शिक्क्याची बाई.

जीवशास्त्र, भूमिती, इतिहास, अरबी - ही चार नावं मी घेतली. तिने केसांना गुंडाळलेला टॉवेल सोडला. "दॅट्स नॉट फेअर, आई. आय डिड ऑल दॅट वर्क." मग म्हणाली, "नाझियाला काय सांगू?"

नाझिया तिची मैत्रीण, रत्नागिरीकडच्या कुटुंबातली, तिच्याच वर्गातली. दोघींचं ठरलं होतं : पुण्याला डिझाइनच्या कॉलेजात एकाच वर्षी जायचं, एक खोली घ्यायची. पडदे कोणत्या रंगाचे तेसुद्धा ठरलं होतं. हे मला माहीत होतं. म्हणजे जे मी तोडलं ते मला न कळता तुटलं, असं नाही.

त्याच दुपारी मी संस्थेला लिहिलं : आम्हाला घाई नाही, मुलगी तीन वर्षांत पूर्ण करील, हे चार विषय पुन्हा सखोल करायचे आहेत. त्यांनी आनंदाने होकार दिला. ईमेल फक्त माझ्याकडे यायच्या. प्राचार्य मीच ना! सुधीर चिडला, संस्थेला फोन लावतो म्हणाला. मी म्हटलं, मी तीनदा बोलले, उपयोग नाही. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.

आता जे सांगणार आहे ते ऐकून तुम्हाला माझा राग येईल. ते जादा वर्ष फार सुंदर गेलं. मी तिला खारफुटीत नेलं, चिखलातून वर आलेली श्वासमुळं दाखवली, आणि माझ्या त्या मोबाइलवेड्या पोरीने तासभर फोन काढला नाही. गाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, झाडाखाली बसून आम्ही वाळवंटातली मुळं किती खोल जातात त्यावर वाद घातला. स्वयंपाकघरात कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. भूमिती मला येत नव्हती, ती मी तिच्याआधी तासभर उठून शिकले. मी तिला घडवली. हे म्हणताना माझी मान ताठ होते, आणि ती मी खाली घालणार नाही.

पण नाझिया एक वर्ष आधी पुण्याला गेली. ईशानी पोचली तेव्हा नाझियाच्या खोलीत दुसरी मुलगी होती. आधी रोज फोन, मग वाढदिवसाला मेसेज. एकदा ईशानी सहज म्हणाली, "वी जस्ट ग्रू अपार्ट, आई." सहज म्हणाली - म्हणजे मला लागू नये म्हणून सहज.

इकडे मी प्रसिद्ध झाले. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत बायका मला शोधत येतात. क्रेडिट कसे हलवायचे, गुणपत्रकावर काय लिहायचं - अबुधाबीहूनसुद्धा फोन येतात. मी सगळ्यांना सांगते, संस्थेचं उत्तर आलं की मुलांसमोर वाचा. त्यांना वाटतं, काय छान शिस्त आहे या बाईंची. मी आजवर कुणाचा एक क्रेडिट वाया जाऊ दिलेला नाही.

या मार्चमध्ये ईशानीने पुढच्या शिक्षणाच्या अर्जासाठी निबंध लिहिला आणि मला तपासायला पाठवला. नेहमीच पाठवते. त्यात तिने लिहिलं होतं की शाळा सोडली तेव्हा तिचे चार क्रेडिट नाकारले गेले, एक वर्ष गेलं, जिवलग मैत्रीण दुरावली, तिला वाटलं सगळं संपलं. आणि तिच्या आईने त्या नकारातून तिला असं एक वर्ष दिलं की आता कुठलाही नकार आला तरी ती घाबरत नाही.

मी डायनिंग टेबलाशी बसून ते दोनदा वाचलं. सांगायला ती वेळ बरी होती, फोन हातात होता, ती पलीकडे ऑनलाइन दिसत होती. तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य लांबलं होतं, त्याची मी दोन केली. मग लिहिलं, उत्तम झालाय, पाठव.

तिने तो तसाच पाठवला. तिला प्रवेश मिळाला.