कानाशी मोडलेली भाकरी

गिऱ्हाईक समोर आलं की चन्नक्का आधी त्याच्या हातात काहीच देत नसे. टोपलीतली एक भाकरी उचलायची, ओट्यावरून पुढं वाकायचं, ती थेट त्याच्या कानाशी न्यायची आणि काठाचा तुकडा मोडायचा. कट्! माणूस दचकायचा. "ऐकलास?" ती विचारायची. "आवाज आला न्हाई तर घेऊ नको." मग तोच तुकडा त्याच्या तळहातावर ठेवायची. पुढचा माणूस वकील असो की मामलेदार, तिला सगळ्यांचे कान सारखेच.

ही सवय तिला कशी लागली ते सांगायचं, तर गाणगापूरची दुपार सांगावी लागेल.

निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझे अप्पा शाळामास्तर. त्यांची बदली गाणगापूरला झाली आणि आमच्याबरोबर एक पत्र्याची पेटी आली. तीत निजामाविरुद्धच्या डाव्या चळवळीच्या काळातली पत्रकं होती. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली होती. त्यामुळे अठराव्या वर्षी माझी मतं पक्की होती: नफा म्हणजे चोरी, दुकान म्हणजे त्या चोरीचं दार. आणि नेमकी आमच्या मागच्या खोलीत, दुकान काढायचं म्हणून, दुबलगुंडीहून एक बाई राहायला आली.

चन्नक्काचा नवरा वारला होता. दिरांची शेती होती, घर मोठं होतं, तिला कुणी हाकललं नव्हतं. "राहा म्हणाले की," ती सांगायची. "तीस माणसांच्या भाकरी भाज आन् राहा. मी म्हटलं, भाकरीच भाजायच्या तर माझ्या नावानं भाजते." निघताना तिच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती: लिंगायत बाई गळ्यात घालते त्या इष्टलिंगाची चांदीची डबी. ती तिनं हुमनाबादच्या सोनाराला विकली, लिंग पांढऱ्या फडक्यात बांधलं आणि पुन्हा गळ्यात घातलं. आमच्या गल्लीतल्या जाणत्या बायकांनी तोंडाला पदर लावला. कुणीतरी तोंडावर विचारलंच, "अक्का, देवाचं घर विकलीस व्हय?"

"घर इकलं. देव न्हाई इकला," ती म्हणाली. "त्याला चालतंय. तुला कामून टोचायलंय?"

त्या चांदीतून ज्वारी आली, दोन तवे आले, सरपणाला तुराट्यांचा भारा आला आणि नरहरपंत पुजाऱ्यांच्या घराचा रस्त्याकडचा ओटा भाड्यानं आला. पंतांच्या घरी यात्रेकरू उतरत. ओटा मोक्याचा होता. डबी गेली होती. मागं हटायला आता काही उरलं नव्हतं.

पाटी मी रंगवली. मी लिहिलं, 'कष्टकऱ्यांची भाकरी'. तिनं मला ती वाचून दाखवायला लावली आणि कपाळाला हात लावला. "मास्तरची पोर तू, पर दुकान बुडवायलीस माझं. कष्टकरी आपलीच भाकर घरून बांधून आणतोय की. हितं येतेत ते कलदारवाले." महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू आमच्या निजामी हाली पैशाऐवजी कलदार रुपये आणत, म्हणून ते सगळे तिला कलदारवाले. "सरळ लिही, 'कडक भाकरी'."

मी सरळ लिहिलं. आणि त्या सरळ शब्दानंच घात केला.

आमच्याकडं कडक भाकरी म्हणजे तीळ लावून पातळ थापलेली, मंद आचेवर पार वाळेपर्यंत भाजलेली, पापडासारखी वाजणारी भाकरी. पंधरा दिवस ठेवा, काही होत नाही. सोलापूरकरांना ती ठाऊक होती. पण पुण्या-नाशकाकडचे लोक पाटी वाचत, बोटानं टोचून बघत आणि आपसांत म्हणत, "शिळी दिसते हो. वाळून कडक झालीय." पुढचा प्रश्न ठरलेला: "भाजतं कोण? म्हणजे कोणापैकी?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा मी ओट्यावर उभी राहून भाषणच ठोकलं. माणूस चपला घालून पळाला. चन्नक्का म्हणाली, "छान बोललीस. आता त्याच्या वाटणीची तू घे इकत."

पण खरी गंमत दुपारी व्हायची. गाणगापुरात दुपारच्या वेळी दत्त महाराज स्वतः भिक्षेला फिरतात, कुणाच्या रूपानं येतील सांगता येत नाही, असं सगळे मानतात. म्हणून यात्रेकरू झोळी घेऊन पाच घरी माधुकरी मागतात आणि घरातला माणूस कुणालाही रिकामं पाठवत नाही. सकाळी जात विचारून गेलेले तेच लोक दुपारी झोळी पसरून ओट्यासमोर उभे राहत. "भवति भिक्षां देहि!" आणि चन्नक्का प्रत्येकाला अख्खी भाकरी घालायची. दिवसभरात विकल्या जात त्याहून जास्त एका दुपारी वाटल्या जात.

"बघितलीस?" ती मला म्हणाली. "मागून खाताना जात इचारत न्हाईत. इकत घेताना इचारतेत."

हे वाक्य माझ्या पेटीतल्या कुठल्याच पत्रकात नव्हतं. मी ते लिहून घ्यायला धावले, पण तिला त्यात रस नव्हता. ती ज्वारीच्या पोत्यात हात घालून बघत होती. हात कोपरापर्यंत आत जात होता.

मी उपाय सांगितला: दुपारी दार लावून घ्यायचं. फुकटखाऊंना पोसायचा मक्ता आपण घेतलेला नाही.

"दुपारी दार लावून गाणगापुरात ऱ्हायचं? गाव तोंडावर थुंकंल. आन् मलाबी जमायचं न्हाई ते." मग तिनं टोपली उपडी केली. कडक भाकरीचा एक रोग असतो, ती मोडते. उतरवताना, रचताना, टोपली हलवताना, दिवसाला कितीतरी. मोडकी कुणी विकत घेत नाही. आमच्या दोघींच्या जेवणात रोज तेच तुकडे असत. त्यातला एक तिनं उचलून दिव्याकडं धरल्यासारखा उन्हात धरला.

"माधुकरी म्हंजे काय गं? जेवण?"

"घास," मी म्हणाले. "पाच घरचे पाच घास."

"मग मी अख्खी कामून घालायले? घास तर तुटकाच असतोय."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक झोळीत एक तुकडा पडू लागला, वर शेंगाच्या चटणीची चिमूट. कुणालाही नाही म्हटलं गेलं नाही. लोक तिथंच सावलीत बसून चावत. कुडुम कुडुम आवाज गल्लीभर. आणि संध्याकाळी तेच लोक परत येत, जरा ओशाळलेले, "बाई, गावाकडं न्यायला देता का दहा-वीस?" सकाळचा प्रश्न आता कुणी विचारत नव्हतं. तुकडा आधीच पोटात गेला होता.

महिनाभर बरं चाललं. मग एका दुपारी, गिऱ्हाइकं समोर असताना, नरहरपंत बाहेर आले. माणूस वाईट नव्हता. भाड्यासाठी त्यांनी कधी तगादा लावला नव्हता. पण त्यांच्याकडं उतरलेल्या कुणीतरी कान भरले होते.

"चन्नक्का, हे बरं नाही," ते म्हणाले. "या वेळेला साक्षात महाराज दारी येतात. त्यांच्या झोळीत तू मोडतोड घालतेस? उरलंसुरलं? माझ्या ओट्यावर हे चालायचं नाही. अख्खी घाल, नाहीतर ओटा सोड."

अख्खी घातली तर पोतं बुडत होतं. ओटा सोडला तर सगळंच. माझ्या तोंडाशी भाषण आलं होतं. तिनं मागं न बघता माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

मग ती उठली. तव्यावरून नुकती उतरलेली, गोल, अख्खी भाकरी तिनं दोन्ही हातांत धरली. पंतांच्या समोर गेली. त्यांच्या कानाशी नेली. आणि मोडली. कट्!

पंत दोन पावलं मागं सरले.

"ही उरलेली हाय का, पंत?"

"नाही."

"आता मोडकी झाली. आन् ती टोपलीतली बी मोडकी." तिनं दोन तुकडे दोन तळहातांवर ठेवून पुढं केले. "तुम्ही देवाजवळचे. महाराजांना यातली कुठली चालती आन् कुठली न्हाई, तेवढं वळखून सांगा. मी ओटा आत्ताच सोडते."

पंतांनी एका तुकड्याकडं पाहिलं, दुसऱ्याकडं पाहिलं. मग एक उचलून तोंडात टाकला. चावायला वेळ लागला, तोवर बोलता येत नव्हतं आणि लोक हसू लागले होते.

"चटणी कुठाय?" ते शेवटी म्हणाले.

त्या दिवसापासून कानाशी भाकरी मोडायची तिची रीत पडली. तिला कळलं होतं, 'कडक' हा शब्द वाचून जो पळतो, तो आवाज ऐकून थांबतो. पाटी तिनं उतरवली आणि तिच्यावर ज्वारी निवडायला घेतली. मला जरा लागलं.

आमची भांडणं मात्र संपली नाहीत. धंदा वाढला, शेजारच्या दोघी थापायला येऊ लागल्या, तेव्हा मी म्हटलं की त्यांना मजुरी नाही, नफ्यात वाटा दे. "आधी पावसाळा तर निघू दे," ती म्हणाली. पावसाळ्यात हवेनं भाकरी सादळते, वाजत नाही, आणि न वाजणारी भाकरी ती विकत नसे. ते चार महिने चूल थंडच असायची. तिच्याजवळ पैसे साठले तेव्हा मला वाटलं, आता चांदीची डबी येईल. तिनं ओट्यावर पत्रा घातला आणि भाकरी ठेवायला झाकणाचे मोठे डबे आणले. मी विचारलं, तर गळ्यातलं फडकं चाचपून म्हणाली, "डब्याची गरज त्याला न्हाई, भाकरीला हाय." वाट्याचा माझा मुद्दा तिनं दोन वर्षांनी मान्य केला, तोही आपल्याला स्वतःलाच सुचल्यासारखा. मी आजही म्हणते, माझंच बरोबर होतं. पण वाटा द्यायला आधी काहीतरी असावं लागतं, आणि ते तिनं उभं केलं होतं.

हैद्राबाद संस्थानाचे तुकडे झाले त्या वर्षी मी सोलापूरला एका साप्ताहिकात कामाला निघाले. आमचा जिल्हा म्हैसूरकडं गेला होता. ती मोटारीपर्यंत आली, भाकरींचं गठुडं माझ्या मांडीवर ठेवलं.

"वाटेत मोडतील गं," मी म्हणाले.

"मोडू दे. तुकड्यानं आपलं कुठं नडलंय?" आणि मोटार सुटता सुटता ओरडली, "वर्तमानपत्रात माझं नाव लिवू नको! दुकानाचं लिव!"

मोटार खडबडत निघाली. बऱ्याच वेळानं मी गठुडं सोडलं. शेजारी एक बाई बसली होती, यात्रा करून परतणारी, पुण्याकडची. तिनं वाकून पाहिलं आणि हळूच विचारलं, "शिळी आहे का हो?"

मी एक भाकरी उचलली, तिच्या कानाशी नेली आणि म्हणाले, "ऐका."