घमेल्यातलं कासव

मंडळी, आज सकाळी पूजा आटोपून मी रोजच्यासारखं आमच्या कासवाच्या पाठीला कुंकू लावलं आणि त्याला बागेतल्या घमेल्यात ठेवलं. महादेवाच्या देवळात दगडी कासव असतं, म्हणून दोन वर्षांपूर्वी मी हे सिद्धेश्वर धरणावरून आणलं होतं.

दहा वाजता पाहिलं तर कासव नाही. तासभर शोधल्यावर ते कुंपणाशी सापडलं. मान जाळीत अडकलेली, तरी पाय माती उकरत होते.

"काहून पळून राहिलं हे?" मी म्हणालो.

बायको म्हणाली, "धरणातल्या जिवाला घमेल्यात कोंडलं तर पळंल न्हाई? देव झाला म्हणून काय पाणी नको व्हय त्याला?"

ही भक्ती कसली, तुम्हीच सांगा. मी दुपारच्याच एसटीनं गेलो आणि त्याला धरणात सोडून आलो.